सरावाच्या पानावर रेषा जमते, चित्रात पुन्हा सपाट होते: काय तपासावं आणि काय बदलावं

सरावाची वही उघडली की रेषा छान उतरलेल्या दिसतात. बारीक सुरू होतात, मध्ये भरतात, शेवटी निमुळत्या होत विरतात. मग त्याच हाताने, त्याच पेनने गच्चीवरून दिसणारा किल्ला काढायला घेतला की चित्रभर एकाच जाडीची रेषा पसरते. पुन्हा काही दिवस सराव, पुन्हा चित्र, पुन्हा तेच.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मी चित्रकलेचे वर्ग घेते. शाळकरी मुलं येतात, कॉलेजची येतात, नोकरीतून निवृत्त झालेले काका-काकूही येतात. वयं वेगळी, पण ही तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत कानावर येते: "ताई, सराव करताना येतं हो, चित्रात कुठे जातं कोण जाणे!" बहुतेकांना वाटतं हात अजून तयार नाही, म्हणून ते आणखी पानं भरतात. माझं म्हणणं वेगळं आहे. हात बहुतेकदा तयार झालेला असतो. रेषा कुठे जाड आणि कुठे बारीक व्हायची, हे चित्राला हात घालण्याआधी ठरलेलं नसतं, आणि पेन्सिलीची रेषा पेनने गिरवताना ते ठरवायला सवड मिळत नाही. आपल्या ग्वाल्हेरच्या माणसाला हे गाण्यातून चटकन कळेल. पलटे घोटून गळा तयार होतो, पण बंदिशीत कुठल्या स्वरावर जोर द्यायचा ते पलट्यात लिहिलेलं नसतं.

तरी सुरुवात विचारापासून करू नका. आधी सोप्या गोष्टी तपासून बाजूला काढा.

दुखणं नक्की कोणतं?

चित्र भिंतीला टेकवून चार-सहा पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करून बघा. किंवा मोबाइलवर फोटो काढा आणि तो गॅलरीत अगदी छोट्या चौकोनात दिसतो तसाच बघा, उघडू नका. दोनपैकी एक गोष्ट लक्षात येईल. एक तर सगळं चित्र एकसारखं करडं दिसेल, पुढचं-मागचं काही कळणार नाही. म्हणजे जाडीत फरकच पडलेला नाही. नाहीतर फरक पडलेला असेल, पण भलत्या जागी. किल्ला अंगावर आलेला आणि समोरचं कडुनिंबाचं झाड मागे गेलेलं. पहिलं दुखणं साहित्याचं किंवा गिरवण्याचं. दुसरं विचाराचं. दोन्हींवर एकच औषध चालत नाही, म्हणून हे निदान टाळू नका.

आणखी एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. रेषेचं वजन आपण म्हणतो त्यात दोन गोष्टी येतात, जाडी आणि काळेपणा. पेन्सिलीत दोन्ही बदलतात. काळ्या शाईच्या पेनात काळेपणा ठरलेला, बदलते ती फक्त जाडी. पेन्सिलीवर सराव करून पेनने चित्र काढणाऱ्याचा निम्मा सराव इथेच वाया जातो, कारण त्याने जो फरक कमावलेला असतो तो बहुतांशी काळेपणाचा असतो.

साहित्य

सगळ्यात जास्त फसवतात ते फाइनलायनर. त्यांचं टोक ताठ असतं. दाबलं तरी रेषा जाड होत नाही, उलट टोक आत बसतं आणि पुढे ते पेन कायम खरखरत चालतं. शिवाय पेनावरचे आकडे मिलिमीटर नसतात. पिग्मा मायक्रॉन या फाइनलायनरचं 01 म्हणजे 0.25 मिमी, 05 म्हणजे 0.45 मिमी, 08 म्हणजे 0.50 मिमी. आता बघा, 05 आणि 08 असे दोन पेन घेऊन कुणी जाड-बारीक करायला बसला तर त्याच्या दोन रेषांत फरक किती? 0.05 मिमी. तो कागदावर कुणालाही दिसणार नाही, काढणाऱ्यालासुद्धा. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये जाड रेषा बारीक रेषेच्या दुप्पट ठेवतात, तोच हिशेब इथे धरा. 01 आणि 08 ही जोडी चालते. मधले पेन विकत घेण्यात पैसे घालवू नका. त्यापेक्षा एक ब्रश पेन, म्हणजे कुंचल्यासारखं लवचीक टोक असलेलं पेन, घ्या.

पेन्सिल असेल तर एचबी ठेवून द्या. ती दाबली की रेषा काळी होते, पण म्हणावी तशी जाड होत नाही, आणि कागदावर चर पडतो तो वेगळाच. 4बी किंवा 6बी घ्या. शार्पनरऐवजी ब्लेडने शिसं लांब काढा. पेन्सिल उभी धरली तर बारीक रेषा, आडवी कलती केली तर रुंद. म्हणजे दाबापेक्षा कल जास्त काम करतो. बॉलपेनचंही ऐकून ठेवा: त्याची गोळी काही फाकत नाही. तिथे जाडी हवी तर शेजारी दुसरी रेषा ओढून ती वाढवायची, दुसरा मार्ग नाही.

टाक वापरणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर, कारण आपल्याकडच्या हवेत टाक खूप छळतो. 'जी' (G) नावाची निब खाली ओढताना दाबली की तिची दोन पाती फाकतात आणि रेषा भरते, दाब सोडला की मिटतात आणि रेषा बारीक होते. वर ढकलताना दाबलं तर टोक कागदात रुततं आणि शाई उडते. म्हणून हात वाकडा करण्यापेक्षा कागद फिरवा. नव्या निबवर गंजू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो साबणाच्या पाण्याने पुसून काढला नाही तर शाई धरत नाही, थेंब-थेंब गळते. आणि मे-जूनमध्ये कूलरच्या झोतात बसून टाकाने काम करू नका. त्या कोरड्या हवेत शाई निबवरच सुकते, रेषा मध्येच आटते आणि पुढे भसकन सांडते. आपल्याला वाटतं दाब चुकला. दाब बरोबर असतो. ओल्या फडक्याने निब वरचेवर पुसत राहा, शाई फार दाट वाटली तर पाण्याचा एखादा थेंब घाला. पावसाळ्यात बरोबर उलटं होतं: कागद ओल धरतो, शाई कडेने फुटते, बारीक रेषाही जाड दिसते. त्या दिवसांत कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. शाळेच्या ड्रॉइंग बुकच्या मऊ कागदावर तर कुठल्याच ऋतूत शाई वापरू नका, जाडसर कार्ट्रिज कागद घ्या.

घरात आजोबांचा बोरू असेल आणि मोडीचा किंवा सुलेखनाचा सराव असेल तर एक सावधगिरी. बोरूची जाडी दाबातून येत नाही, तिरप्या कापातून येते. हाताची दिशा बदलली की रेषा आपोआप जाड-बारीक होते. अक्षरात ते देखणं दिसतं. चित्रात मात्र सगळ्या जाड रेषा एकाच तिरप्या दिशेला पडतात, उजेड कुठूनही असो. बोरूने चित्र जरूर काढा, पण ती सवय ब्रश पेनात आणू नका.

खरी अडचण: गिरवणं

साहित्य ठीक आहे आणि तरी चित्र सपाट आहे, असं असेल तर दहातल्या बहुतेक वेळा गुन्हेगार हाच. चित्र काढायची आपली रीत ठरलेली असते. आधी पेन्सिलीने पूर्ण चित्र, खिडकीच्या गजापर्यंत, मग त्यावरून पेन. शाळेत कित्ता गिरवायची सवय लागलेली, त्यामुळे त्यात काही वावगं वाटत नाही.

पण गिरवताना हाताकडे नीट बघा. वेग एकदम कमी होतो. पेनावरची पकड घट्ट होते आणि बोटं टोकाच्या जवळ सरकतात. नजर खिडकीबाहेरच्या वस्तूवर नसते, पेनच्या टोकाच्या किंचित पुढे, पेन्सिलीच्या रेषेवर असते. डोक्यात एकच काम चालू असतं: रेषेवरून घसरायचं नाही. रेषेवरून न घसरण्यासाठी दाब एकसारखा ठेवावाच लागतो. म्हणजे हात आपलं काम चोख करतो. आपण त्याला दिलेलं कामच चुकीचं असतं.

यावर उपाय म्हणजे पेन्सिलीला कमी बोलू देणं. पेन्सिलीने फक्त जागा ठरवा. वस्तूची उंची, रुंदी, कल, मोठे आकार कुठे एकमेकांना टेकतात ते. कडा पूर्ण काढू नका. काढल्या असतील तर मऊ खोडरबर नुसतं दाबून उचला, इतकं की रेषा जेमतेम भासेल. मग वस्तूकडे बघत पेन चालवा. पहिल्या एक-दोन चित्रांत रेषा थोडी इकडे-तिकडे जाईल, कौल सरकतील, खांब वाकेल. जाऊ द्या. वाकडा पण जिवंत खांब पुढे सरळ करता येतो. गिरवलेला सरळ खांब जिवंत करणं फार कठीण असतं.

ज्यांना पूर्ण पेन्सिल चित्राशिवाय धीर होत नाही त्यांच्यासाठी दुसरी युक्ती आहे आणि ती माझी सगळ्यात आवडती आहे. फक्त बारीक रेषेत काढलेल्या चित्राच्या तीन झेरॉक्स काढा. पहिल्या प्रतीवर जाडी फक्त उजेड-सावलीप्रमाणे द्या, बाकी काही विचार नाही. दुसरीवर फक्त जिथे एक वस्तू दुसरीला झाकते तिथे द्या. तिसरीवर फक्त जवळ-दूर. तिन्ही प्रती शेजारी मांडा. एकाच चित्राचे तीन स्वभाव दिसतात, आणि कुठला तुमच्या चित्राला हवा आहे ते क्षणात कळतं. नंतर मूळ चित्रावर काम करताना हात अडखळत नाही, कारण निर्णय झालेला असतो.

जाडी ठरवायची कशावरून?

आता विचाराचं दुखणं. इथे थोडं रेंगाळते, कारण इथलं चुकलं की हात कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

ग्वाल्हेरच्या हजिरा भागात सूफी संत महंमद घौस यांच्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्या तुम्ही पाहिल्या असतीलच. आमच्याकडची मुलं त्या जाळ्या काढतात तेव्हा प्रत्येक भोकाच्या चारही बाजू एकाच रेषेने बांधतात. जाळी होते, पण कागदावर छापल्यासारखी, दगडाची जाडी दिसत नाही. आता समजा उजेड वरून डावीकडून येतोय. भोक खोल आहे, म्हणून त्याच्या वरच्या आणि डाव्या कडेची सावली आत पडते. त्या दोन बाजू जाड करा, खालची आणि उजवी बारीक ठेवा. लगेच भोक आत जातं. हाच चौकोन पुन्हा काढा आणि उलट करा, खालची आणि उजवी बाजू जाड. तो चौकोन कागदातून वर उठतो, एखादी फरशी ठेवल्यासारखा. चार रेषा त्याच, लांबी तीच. फक्त जाड बाजू बदलली. हा प्रयोग आत्ता हातातल्या कागदावर करून बघा, तोवर पुढे वाचू नका. जाडी म्हणजे नटवणं नव्हे, ती माहिती आहे, हे माझ्या कुठल्याही बोलण्यापेक्षा या दोन चौकोनांतून लवकर पटेल.

दुसरं उदाहरण घरातलं. देवघरातला पितळी तांब्या घ्या, खिडकीच्या उजव्या हाताला पाटावर ठेवा, म्हणजे उजेड त्याच्या डाव्या अंगावर पडेल. काठाची डावी बाजू जवळजवळ नाहीशी करा. रेषा तिथे तुटली तरी चालेल, डोळा ती जोडून घेतो. काठाच्या खाली, गळा सुरू होतो तिथे, काठाची सावली पडते. तिथे रेषा जाड आणि आखूड. पोटाच्या उजव्या बाजूने खाली येताना ती हळूहळू भरत न्या, पण तळाला पोचण्याआधी किंचित सैल सोडा. पाटाचा उजेड तिथे उलटून पडलेला असतो, नीट पाहिलं तर दिसतो. आणि तांब्या जिथे पाटाला टेकतो तिथे, मधल्या थोड्याच भागात, चित्रातली सगळ्यात जाड रेषा. तळाच्या दोन्ही टोकांना ती पुन्हा बारीक. पूर्ण तळ जाड केला तर तांब्या पाटाला चिकटवल्यासारखा दिसतो, अजिबात केला नाही तर हवेत तरंगतो.

या तांब्यात उजेड, झाकणं आणि टेकणं हे तिन्ही आलं. राहिलं जवळ-दूर, आणि तिथे किल्ला आडवा येतो.

फुलबागेच्या बाजूने किल्ला काढणारे जवळजवळ सगळेजण किल्ल्याची बाह्यरेषा सर्वांत जाड काढतात. का ते कळतं. किल्ला महत्त्वाचा आहे, चित्र त्याचंच आहे, मानसिंग तोमरांच्या वाड्याचे घुमट ओळखू यायला हवेत. पण डोळ्याला महत्त्व कळत नाही, अंतर कळतं. उन्हाळ्यात धूळ उडते तेव्हा तर किल्ल्याची कड आकाशात विरून जाते. ती जाड केली की किल्ला समोरच्या रिक्षाच्या पुढे येऊन उभा राहतो. बारीक रेषेने किल्ला लहान होत नाही. समोरचा कठडा, कडुनिंबाची खालची फांदी, टपरीचं छत, यांना जाडी द्या, किल्ला आपोआप मागे जाऊन उंच होतो. घुमटांचा आकार अचूक असला तर सगळ्यात बारीक रेषेतही ते ओळखू येतातच.

आणि वर चढून मानमंदिराच्या, म्हणजे मानसिंगांच्या त्याच वाड्याच्या, भिंतीसमोर बसलात तर हिशेब पुन्हा बदलतो. तिथल्या निळ्या फरशांतली बदकं, हत्ती, केळीची झाडं हे भिंतीवरचं नक्षीकाम आहे, ते भिंतीच्या पातळीतच राहायला हवं. बदकांना जाड बाह्यरेषा दिली की ती भिंतीवरून उडून येतात. जाडी भिंतीच्या बाहेर आलेल्या बुरुजांना आणि सज्ज्यांच्या खालच्या बाजूंना. फरशा सगळ्या बारीक.

फांदी जिथे दुसऱ्या फांदीच्या मागे जाते तिथलं एक बारीकसं कसब सांगते. पुढच्या फांदीची रेषा अखंड जाते. मागच्या फांदीची रेषा तिला येऊन भिडते, आणि भिडण्याआधी केसभर थांबते. पुढच्या रेषेला नेमकी त्या जागी जरा जाडी द्या. केसभर मोकळी जागा आणि ही जाडी मिळून झाडात खोली येते, ती शेडिंगने येत नाही.

हात खरंच अडत असेल तर

काहींचा हातच अडतो, नाही असं नाही. त्याची खूण अशी की रेषेची टोकं बोथट येतात, निमुळती होत नाहीत. याचं कारण पेन कागदावर आधी टेकतं, मग चालायला लागतं, आणि थांबल्यावर उचललं जातं. विमान धावपट्टीवर धावत असतानाच सुटतं तसं पेन चालत असतानाच कागदाला लागायला हवं, आणि चालत असतानाच सुटायला. कागदाच्या वर हवेत तीच रेषा दोनदा फिरवा आणि तिसऱ्यांदा कागदावर उतरा. लांब रेषा खांद्यातून, मध्यम कोपरातून, पापणीएवढ्या रेषा फक्त बोटांतून. पेन टोकापासून थोडं वर धरा.

सरावासाठी नुसत्या लाटा काढण्यापेक्षा पिंपळाचं पान काढा. देठाकडे मधली शीर जाड असते, टोकाकडे जाताना बारीक होत त्या लांब शेपटीत संपते, आणि तिच्यातून फुटणाऱ्या प्रत्येक शिरेचं तेच. झाडाच्या खोडापासून डहाळीपर्यंतही हाच नियम. इथे हाताला जाड-बारीक करायला कारण मिळतं, म्हणून असा सराव चित्रात टिकतो.

औषध जास्त झालं तर

जाडीचं महत्त्व पटलं की काही दिवस उलटा त्रास होतो. प्रत्येक रेषा फुगते-आटते, कुठेही, कशीही. कौलाची सरळ कडसुद्धा. किंवा सगळ्या वस्तूंभोवती जाड कुंपण पडतं आणि आत बारीक रेषा, लहान मुलांच्या रंग भरायच्या पुस्तकात असतात तशा. दोन्हींवर उपाय एकच: चित्र पूर्णपणे सगळ्यात बारीक रेषेत संपवा, मग मागे सरकून बघा, आणि जिथे चित्र मागतंय तिथेच दुसऱ्या फेरीत जाडी वाढवा. वाढवताना सावलीच्या बाजूने वाढवा, उजेडाच्या बाजूची मूळ कड जशीच्या तशी राहू द्या. शाईत बारीकचं जाड होतं, जाडचं बारीक होत नाही. पांढऱ्या जेल पेनने जाड रेषा कातरता येते, पण उन्हात धरली की ती जागा चमकते.

दुसऱ्या फेरीत केसाळ रेषा येऊ देऊ नका, म्हणजे एकाच कडेवर आखूड आखूड चार-पाच ओढी. जाडी त्यातून येत नाही, गोंधळ येतो.

छापायला द्यायचं असेल तर

मंडळाच्या स्मरणिकेसाठी किंवा दिवाळी अंकासाठी चित्र काढून दिलं आणि छापून आल्यावर सपाट दिसलं, हीही नेहमीची तक्रार. चित्र निम्म्या आकारात छापलं की जाडीही निम्मी होते. 0.25 मिमीची रेषा 0.125 होते आणि साध्या छपाईत तुटते. 0.5 ची 0.25 होते, म्हणजे तुमची सगळ्यात जाड रेषा आता बारीक दिसते. छापायचा आकार आधी विचारून घ्या, झेरॉक्सवर तेवढं लहान करून बघा, मग जाडी ठरवा.

टॅबलेटवर काढणाऱ्यांचं थोडक्यात. आधी पेनचा दाब ओळखणारं सेटिंग चालू आहे ना ते बघा, बोटाने काढत असाल तर दाब मिळणारच नाही. रेषा गुळगुळीत करणारं सेटिंग फार वाढवलं असेल तर हाताचे छोटे बदल ते पुसून टाकतं, कमी करा. आणि खूप मोठं करून काम करू नका. मोठं केल्यावर जो फरक ठळक वाटतो तो पूर्ण चित्रात दिसेनासा होतो.

कुठे बघावं

गुजरी महालाच्या संग्रहालयात जा आणि दोन गोष्टींसमोर थांबा. एक, बाघच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला. ती लेणी आज धार जिल्ह्यात येतात, तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होती, आणि 1921 साली संस्थानाच्या सांगण्यावरून नंदलाल बोस, असितकुमार हलदार, सुरेंद्रनाथ कर या चित्रकारांनी तिथे जाऊन नकला केल्या होत्या. मूळ चित्रं बरीच झडून गेलेली असल्यामुळे या नकलांचं मोल मोठं आहे. नाच-गाण्याच्या दृश्याकडे बघताना रंग क्षणभर विसरा. खांदा, कोपर, बोटं यांच्या कडांवर नजर फिरवा आणि रेषा कुठे दाट होते, कुठे सुटते, ते वहीत तेवढंच टिपा. आकृती पूर्ण काढायची नाही.

दुसरी ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे स्त्रीचं दगडी शिल्प. शिल्पात रेषा नसतेच, असते फक्त कड. म्हणून गिरवायला काही मिळत नाही, प्रत्येक रेषेची जाडी तुम्हालाच ठरवावी लागते. तिच्या कमरेला जिथे शरीर वळतं तिथली आतली बाजू आणि फुगलेली बाहेरची बाजू, या दोन रेषा सारख्या जाडीच्या काढून बघा, मग आतली दाबून बघा. वर्गातल्या मोठ्या मुलांना मी पहिल्यांदा तिथेच नेते.

चेहरा

शेवटी चेहरा, कारण सगळं जमल्यावरही तिथे हात पुन्हा सपाट होतो. ओळखीच्या माणसाचा चेहरा असला की चुकायची भीती वाटते, भीती वाटली की गिरवणं सुरू होतं. चेहऱ्यावर जाडीच्या जागा थोड्याच आहेत: वरच्या पापणीची कड, नाकपुड्या, दोन्ही ओठ मिटतात ती रेषा, हनुवटीच्या खाली जिथे मान सुरू होते ती जागा. खालची पापणी जवळजवळ नकोच. नाकाच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी रेषा कधीही नाही, सावलीच्या बाजूने एक, तीही अर्ध्यावर सोडलेली. गालाची कड उजेडाच्या बाजूने तुटू द्या. आजीचा चेहरा काढताना सुरकुत्या ओठांच्या रेषेइतक्या जाड झाल्या तर आजी चिडलेली दिसते, म्हणून त्या सगळ्या 01 ने, दोन्ही टोकं विरलेल्या, आणि दिसतात त्याच्या निम्म्याच काढा. लहान मुलाच्या चेहऱ्यावर याहून कमी: पापण्या, नाकपुड्यांचे दोन ठिपके, ओठांच्या मधली रेषा, आणि गालाला मानेजवळ पडते तेवढी एक घडी.